डोकं तुझं, टीम माझी

राजूताईंची आणि माझी ओळख एका गोलमुळे झाली. गोल आमच्यावर झाला होता.

मी तेव्हा पुण्याहून ब्राउनश्वाइगला मास्टर्स करायला आलो होतो आणि विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या टीममध्ये राइट बॅक खेळत होतो. वेगवेगळ्या विभागांच्या टीम्सची एक लीग असायची. ऑक्टोबरात सुरू व्हायची, जूनमध्ये संपायची, आणि तळाला आम्ही असणार हे जवळजवळ ठरलेलं असायचं. ओकर नदीच्या पलीकडे, सायकलच्या वाटेला लागून आमचं मैदान होतं. त्या ढगाळ दुपारी कुंपणामागून आवाज आला, "ए पिवळ्या बुटाच्या! त्यो मागनं निघाला बघ! बघालाईस काय नुसता?"

जर्मनीत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. इतकी खणखणीत मराठी, तीही माझ्या बुटांचा उद्धार करणारी, इथे कानावर येईल अशी कल्पनाच नव्हती. मी वळून बघितलं. तेवढ्यात समोरचा विंगर माझ्या शेजारून निघून गेला आणि त्याने गोल मारला.

मॅच संपल्यावर ती बाई सायकल हातात धरून थेट माझ्याकडे आली. नवऱ्याचं असावं असं मोठं जॅकेट, कपाळाला टिकली, मागच्या सीटवर दप्तर घेतलेली सात-आठ वर्षांची मुलगी.

"तुझ्यामुळं झाला गोल," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही हाक मारलीत म्हणून मी वळलो."

"हाक मारली म्हणून बॉल सोडून बघतोस होय? उद्या तुझी आई हाक मारंल, मग काय जाऊन मांडीवर बसणार?"

"मामा, कॉम येत्स्ट," चल ना आता, असं मागची मुलगी वैतागून म्हणाली. जर्मन मुलं आईला मामा म्हणतात. राजूताईंची आर्या मराठी सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. "आलो गं," राजूताई म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "परवा परत येतो मी. तुमचा डिफेन्स म्हंजे नुसता बाजार हाय."

आलो, येतो, गेलो. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशाच राजूताई स्वतःबद्दल बोलायच्या. माझ्या पुणेरी कानाला सुरुवातीला ते खटकायचं. मग इतकी सवय झाली की त्या कधी चुकून 'येते' म्हणाल्या असत्या तर तब्येत बरी नाही का, असं मी विचारलं असतं.

पूर्ण नाव राजश्री पोवार. नवरा, अभिजितदादा, गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. त्यांच्यामागोमाग त्या इथे आल्या. जर्मनचे वर्ग केले, परीक्षा दिली, नोकरीसाठी ठिकठिकाणी अर्ज केले, आणि सगळीकडून नम्र नकार आले. कोल्हापुरात त्या शाळेत खेळ शिकवायच्या. इथे त्या पदवीचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. दिवसभर करायला काही नाही, आणि रिकामं बसणं तर अंगातच नाही. त्यांच्या घरी मी जितक्यांदा गेलो तितक्यांदा सोफा वेगळ्या भिंतीला होता. जेवायला वाढायच्या आणि स्वतः ताट हातात घेऊन खिडकीशी उभ्या राहून जेवायच्या. "बसा की तुम्हीपण," म्हटलं तर म्हणायच्या, "बसलं की अंगात काय तरी चावतंय बघ."

अभिजितदादा शांत गृहस्थ. ते एकदा मला म्हणाले, "मी ऑफिसातून येतो तेव्हा घर तेच असतं का, हे आधी बेलवरचं नाव वाचून बघतो." राजूताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, त्याला काय सांगालाय? त्याला वाढा भात!"

कोल्हापूरचं फुटबॉल ज्याने पाहिलेलं नाही त्याला राजूताई समजायच्या नाहीत. तिथे प्रत्येक पेठेची आपली टीम असते, आपली तालीम असते, आणि मॅचच्या दिवशी दुकानदार गिऱ्हाइकाला सोडून स्टेडियमकडे जातो. राजूताई अशा घरात वाढल्या. वडील रेफ्री. थोरला भाऊ दिलीप, ज्याला त्या दाद्या म्हणायच्या, पेठेच्या टीमचा गोलकीपर. स्वतः त्या मुलींच्या टीममध्ये सेंटर हाफ. हे सगळं त्या भरभरून सांगायच्या. फक्त दाद्याचा विषय निघाला की "गोली होता, लई भारी होता," एवढं म्हणून दुसरीकडे वळायच्या. मला वाटलं, तो गेला असावा. मी विचारलं नाही.

तर 'परवा येतो' म्हणाल्या होत्या तशा त्या आल्या. आमच्या टीमला प्रशिक्षक नव्हता. आधीचा मुलगा इंटर्नशिप मिळाली म्हणून निघून गेला होता, आणि कॅप्टन फर्हाद एकट्याने गाडा ओढत होता. फर्हाद इराणचा, पीएचडी करणारा, उंच, देखणा, आणि आपण देखणे आहोत याची पुरेशी जाणीव असलेला. स्ट्रायकर म्हणून तो खरंच चांगला होता. राजूताईंनी त्याला विचारलंबिचारलं नाही. कुंपणाचं फाटक उघडून त्या आत आल्या आणि एकेकाचे खांदे धरून आम्हाला जागेवर नेऊन उभं करू लागल्या, घरात सोफा हलवावा तसं. फर्हादने मला इंग्रजीत विचारलं, "ही कोण?"

मी म्हटलं, "माझी ताई."

असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता. पण त्याला पुरलं.

त्यांचं जर्मन परीक्षेपुरतं बरं होतं. मॅच सुरू झाली की मात्र ते सगळं पळून जायचं आणि आतून नुसती कोल्हापुरी बाहेर पडायची. "सोड!" "धर!" "माघारी!" मी आधी भाषांतर करायचो. महिन्याभरात त्याची गरज उरली नाही. आमचा गोलकीपर पॅट्रिस कॅमेरूनचा. तो बचावफळीला दम देताना "माघारी! माघारी!" असा गर्जायचा की मला हसू आवरायचं नाही. समोरच्या टीमला काही कळायचं नाही. एका जर्मन मुलाने फर्हादला विचारलं, "तुम्ही फारसीत बोलता का?" फर्हाद म्हणाला, "ही फारसी असती तर मी कविता केली असती."

हाफटाइमला त्या भडंगाचा डबा फिरवायच्या. कोल्हापूरचे चुरमुरे त्यांची आई पार्सलने पाठवायची. तिखटाने डोळ्यांत पाणी आलेली दहा देशांची पोरं बाटल्या तोंडाला लावायची, आणि राजूताई त्यांच्याभोवती येरझाऱ्या घालत बोलत राहायच्या. मॅच संपली तरी त्यांच्या डोक्यात ती चालूच असायची. मध्येच मेसेज यायचा, 'दुसऱ्या गोलला तू कुठं होतास?' मी थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला बसलेला असायचो.

आणि आम्ही जिंकायला लागलो. आधी एक मॅच बरोबरीत सुटली, मग एक जिंकलो, मग आर्किटेक्चरवाल्यांना हरवलं. हिवाळ्यात मैदान गोठलं तेव्हा त्यांनी आम्हाला हॉलमध्ये पळवलं. तिथल्या मैदानांची देखभाल करणारे क्र्यूगर नावाचे वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना हेर क्र्यूगर, म्हणजे क्र्यूगरसाहेब म्हणायचे. ते क्लबहाउसात कॉफी द्यायचे. तिथल्या भिंतीवर एक जुना फोटो होता. पहिल्या महायुद्धाच्या आधीची, याच कॉलेजची फुटबॉल टीम. मिशा पिळलेले, टोप्या घातलेले विद्यार्थी, हातांच्या घड्या, मध्ये शिवणीचा चामडी बॉल. राजूताई कॉफीचा कप घेऊन फोटोपुढे उभ्या राहिल्या.

"यांचं काय झालं? जिंकली का?" त्यांनी विचारलं.

हेर क्र्यूगर म्हणाले, "तो सीझन चांगला गेला असं माझे आजोबा सांगायचे. जिंकले की नाही ते कुणालाच आठवत नाही. पुढे युद्ध झालं, यातले बरेच परत आले नाहीत."

एवढं जर्मन त्यांना समजलं. त्या बराच वेळ फोटोतल्या गोलकीपरकडे बघत राहिल्या. त्याने पायांत पॅड बांधले होते आणि तो एकटाच हसत होता. बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "बघ, कप आला का गेला कुणाच्या ध्यानात न्हाई. पोरं गेली एवढंच ऱ्हायलं." मग लगेच, "चल, पळ. दोन राउंड बाकी हाईत तुझे."

वसंतात आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. आमच्या टीमच्या बाबतीत हे आधी कधीच घडलं नव्हतं. शेवटून दुसरी मॅच पहिल्या क्रमांकावरच्या मेकॅनिकलवाल्यांशी होती, त्यांची ती शेवटचीच, आणि ती जिंकली तर लीग आमची होती. मैदानाभोवती गर्दी जमली. ग्रिलवर सॉसेज भाजायला लागले, कुणीतरी ढोल आणला, आर्यासुद्धा गालावर रंग लावून आली होती. राजूताईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, असं अभिजितदादा म्हणाले. टचलाइनवर त्या इतक्या फिरल्या की गवत चेपून पायवाट पडली.

उत्तरार्धात एक-एक अशी बरोबरी होती. कॉर्नर आला. फर्हाद हेडरसाठी उडाला, त्यांचा बॅकही उडाला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. तो बॅक लगेच उठून बसला. फर्हाद थोडा वेळ पडून राहिला, मग उठला. कपाळावर टेंगूळ, रक्त नाही. रेफ्रीने बोटं दाखवली, त्याने बरोबर मोजली. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि खेळ सुरू होणार एवढ्यात मी पाहिलं की तो आमच्याच गोलकडे तोंड करून उभा आहे. लगेच त्याच्या ध्यानात आलं आणि तो हसत वळला. पण राजूताईंनीही ते पाहिलं होतं.

त्या मैदानात शिरल्या. आमचे बदली खेळाडू वापरून संपले होते. फर्हाद बाहेर गेला तर आम्ही दहा जण उरणार होतो.

"चल बाहेर," त्यांनी त्याची जर्सी धरली.

"नाही! मी ठीक आहे. रेफ्रीला विचारा."

"त्याला काय विचारू? चल."

"राजू, प्लीज. एवढाच वेळ. मग बाहेर येतो."

मीसुद्धा म्हणालो, "ताई, तो बोलतोय नीट. राहू द्या ना." पॅट्रिस म्हणाला, सगळेच म्हणाले. बाहेरून लोक ओरडत होते. राजूताईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची जर्सी घट्ट धरली आणि ते एवढं मोठं धूड ओढत रेषेबाहेर नेलं. त्याचे डोळे भरून आले होते. रागानेच असावेत. "माझं डोकं आहे!" तो जर्मनमध्ये ओरडला. "डोकं माझं आहे!"

"डोकं तुझं हाय," राजूताई मराठीत म्हणाल्या, "पण टीम माझी हाय."

आम्ही दोन-एकने हरलो. लीग मेकॅनिकलवाल्यांना मिळाली. चेंजिंग रूममध्ये सगळे खाली मान घालून बूट काढत होते. त्या मात्र फर्हादला आंघोळही करू न देता हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत, म्हणजे तातडीच्या विभागात घेऊन गेल्या, आणि भाषेसाठी मला सोबत नेलं.

बराच वेळ थांबावं लागलं. फर्हाद तपासणीला आत होता. राजूताई कॉरिडॉरमध्ये फिरत होत्या. नर्सने दोनदा बसायला सांगितलं. मग त्या माझ्यापुढे येऊन थांबल्या.

"तुला वाटतंय दाद्या मेला," त्या म्हणाल्या. "न्हाई. हाय तो."



"फायनल होती. खांबावर डोकं आपटलं त्याचं. उठला, म्हणाला काय झालेलं न्हाई. आम्ही समदी स्टँडात नाचालतोय, उतरू नको दाद्या, उतरू नको. आमचे वडील तर हात जोडून देवाला. त्यानं पेनल्टी अडवली बघ. खांद्यावर घेऊन फिरवला पोरांनी त्याला पेठभर. घरी आला, वहिनीला म्हणाला डोकं दुखतंय, झोपतो. त्यानंतर तो जो उठला तो दाद्या न्हवता." त्यांनी जॅकेटची चेन वर-खाली केली. "आता आई बघती त्याचं. वहिनी गेली माहेरी, तिला तरी काय म्हणायचं. दारात बसून असतो. फोनवर मला ओळखायला त्याला येळ लागतोय. ओळखलं की मात्र लई हसतोय."

तेवढ्यात डॉक्टर फर्हादला घेऊन बाहेर आल्या. स्कॅनमध्ये काही निघालं नव्हतं. थोडी विश्रांती घ्या, दुखलं तर या, बस. फर्हादने राजूताईंकडे पाहिलं. "नीख्ट्स," तो म्हणाला. "काहीही नाही. मी खेळू शकलो असतो. आपण जिंकलो असतो."

मला वाटलं, त्या त्याला भावाचं सांगतील. निदान मला भाषांतर करायला लावतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "काय न्हाई निघालं तर बरंच झालं की. काय निघू नये म्हणूनच आणला तुला." मी ते जर्मनमध्ये सांगितलं. तो सरळ ट्रामच्या थांब्याकडे निघून गेला.

टीममधल्या बऱ्याच जणांचं मत फर्हादसारखंच होतं. मी खरं सांगतो, माझं काय मत होतं ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. स्कॅन स्वच्छ होता, आणि तो आमच्या गोलकडे तोंड करून उभा होता. दोन्ही खरं होतं. शेवटच्या मॅचला फर्हाद आला नाही. त्या मॅचने काहीच बदलणार नव्हतं, तरी राजूताईंनी आम्हाला तितकंच पळवलं, तितक्याच शिव्या घातल्या, आणि जिंकल्यावर भडंग वाटताना एकेकाच्या पाठीवर इतक्या जोराने थाप मारली की पॅट्रिसच्या हातातला द्रोण पडला.

त्यानंतर लगेचच विद्यापीठाच्या क्रीडाविभागाचा त्यांना फोन आला. मुलींची नवी टीम उभी करायची होती. पगारी काम होतं, आणि हेर क्र्यूगर यांनी त्यांचं नाव सुचवलं होतं. इतक्या वर्षांत जर्मनीने त्यांना पहिल्यांदाच हो म्हटलं होतं. त्यांनी मला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली. त्या दिवशी सोफा पुन्हा तिसऱ्याच भिंतीला होता.

त्याच आठवड्यात कोल्हापुरात त्यांची आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता आईलाच कुणीतरी उचलून बसवायला हवं होतं, आणि दाद्याला जेवू कोण घालणार हा प्रश्न होता. काही दिवस शेजाऱ्यांनी केलं. अभिजितदादा म्हणाले, "एखादी बाई ठेवू, आपण पैसे पाठवू." राजूताईंनी बाई ठेवून पाहिली. दाद्याने तिच्या हातून घास घेतला नाही. त्या चार-पाच दिवसांत मी त्यांना शहरात तीन वेगवेगळ्या ठिकाणी सायकलवर पाहिलं. कुठे निघालात विचारलं तर म्हणायच्या, "कुठं न्हाई." एकदा माझ्या वसतिगृहाखाली थांबून त्यांनी मला हाक मारली, मी खाली येईपर्यंत निघून गेल्या होत्या.

शेवटी त्यांनी क्रीडाविभागात जाऊन नाही सांगितलं. मी बरोबर होतो. तिथल्या बाई म्हणाल्या, "काही महिने जागा राखून ठेवू?" राजूताई म्हणाल्या, "नको. पोरी किती दिवस थांबणार? दुसरं कोण तरी बघा." बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी कठडा धरला आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हां. चल."

स्टेशनवर जवळजवळ सगळी टीम आली होती. आर्या शाळेमुळे बाबांपाशी राहणार होती. तिने जर्मनमध्ये विचारलं, "मामा, तू परत कधी येणार?" कुठल्याही प्रश्नाला तोंडावर उत्तर देणाऱ्या राजूताई खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधू लागल्या. नाडी सुटलेली नव्हती. फर्हादही आला, थोडा उशिरा. त्याने न विचारता त्यांची जड बॅग डब्यात चढवली, हात मिळवला, त्या मॅचचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. दार बंद होईपर्यंत त्या पॅट्रिसला पुढच्या सीझनला डाव्या बाजूला कोण हवा ते सांगत होत्या.

त्या दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या. वर्षभराने अभिजितदादांनी पुण्याजवळ नोकरी धरली आणि आर्याला घेऊन तेही गेले. मी इथेच राहिलो, नोकरीसाठी वोल्फ्सबुर्गला रोज जा-ये करतो, लग्न झालं, गुडघे वाजायला लागले. राजूताईंचे फोन येतात, नेहमी चालता चालता केलेले, मागे रिक्षांचे हॉर्न. पेठेतल्या मुलींना त्या आता खेळवतात. दाद्याला खुर्ची टाकून मैदानाकडेला बसवतात. तो टाळ्या वाजवतो, दोन्ही बाजूंच्या गोलला.

मागच्या वसंतात कामासाठी बॉनला गेलो होतो. फर्हाद तिथे एका मोठ्या कंपनीत आहे. शनिवारी तो लहान मुलांच्या टीमला शिकवतो, म्हणून मला मैदानावरच ये म्हणाला. मी पोचलो तेव्हा त्याची मॅच चालू होती. एक मुलगी पडली, डोकं धरून उठली, आणि खेळायचंच म्हणून हटून बसली. फर्हादने तिला बाहेर काढलं. तिचे वडील कुंपणावरून त्याच्यावर ओरडत होते, मुलगी हुंदके देत होती, फर्हाद तिच्यापुढे गुडघे टेकून तिच्या डोळ्यांत बघत होता. टीम हरली.

नंतर कॉफी पिताना मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "माहीत आहे तुला काय म्हणायचंय," तो म्हणाला. "पण सांगून ठेवतो, त्या दिवशी ती चुकली होती. मी खेळू शकलो असतो. अगदी आजही मला तसंच वाटतं."

मी तिथूनच राजूताईंना फोन लावला आणि त्याच्यासमोरच सगळं सांगितलं. मुलीचं, तिच्या वडिलांचं, आणि तो अजून काय म्हणतो तेही. त्या चालत होत्या. पहिल्यांदाच पावलांचा आवाज थांबला.

"अजून मी चुकलो म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रागानं म्हणतोय?"

मी फर्हादकडे पाहिलं. "हो, बऱ्यापैकी."

"मग म्हणू दे की भावा," राजूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, की तिकडे रेंज गेली होती, कुणास ठाऊक. "इतक्या वर्षांनी समदं ध्यानात ठिवून भांडतोय, म्हंजे डोकं शाबूत हाय त्याचं."